कठीण माय

दारव्हा
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय विशाखाताई,
जय भीम.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास त्याला दोन वर्षं होत आली. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईने ते देताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणावर खटला भरायला निघालो आहे. भरायचाच झाला तर तुझ्यावर भरीन, पण ते नंतर.

कारण मायचं आहे. माय बदलली आहे. तुला खोटं वाटेल, मलाही वाटत होतं. शेजारच्या कोकिळाबाईंशी तिचं सांडपाण्याच्या नालीवरून आपल्या लहानपणापासून भांडण आहे, हे तुला ठाऊक आहे. परवा तिने त्यांना हाक मारून चहा पाजला, वर त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. कोकिळाबाई घाबरून अर्धा कप तसाच ठेवून गेल्या. मला काल ‘राजा’ म्हणाली. मी छप्पन वर्षांचा आहे, माझ्या दुकानात पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून देतो, हात कोपरापर्यंत काळे असतात, आणि ही बाई गिऱ्हाइकांसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणते, “माह्या राजाले घाम आला.”

मला हे नाटक वाटतं. कशासाठी ते अजून कळलं नाही. पण त्यात तुझंही नाव येतं. “विशी कुठं गेली, माही विशी येऊन नाही राह्यली,” असं दिवसातून कितीदा तरी म्हणते. तू येऊन एकदा तोंड दाखव, म्हणजे हा विषय मिटेल.

माझ्या पायलचा एक प्रश्न आहे. ती यवतमाळला डॉक्टरकीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, हे तुला कोणाकडून तरी कळलंच असेल. मेंदूवर जो जाड पडदा असतो त्याला ड्युरा मेटर म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘कठीण आई’ असा होतो म्हणे. आई कशी काय, असं ती विचारते. तू पुसदला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंस, तेव्हा तुला माहीत असेल. नसेल तरी माहीत असल्यासारखं सांगशीलच.

धम्मरत्न


पुसद
९ नोव्हेंबर २०२४

धम्मरत्न,
जय भीम. ‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मायला माझ्या दारात आणून सोडायचा हा तुझा नवा रस्ता आहे. सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून ‘माय तुझं नाव घेते’ अशी गोडी लावायची. माझं नाव ती घेते ते मला माहीत आहे. आयुष्यभर घेतलंच, कधी भांडी नीट घासली नाहीत म्हणून, तर कधी पहिला नंबर येऊनही गणितात दोन मार्क कुठे गेले म्हणून.

आणि तुझ्या भाऊजींच्या जलदान विधीला माझं नाव कसं घेतलं, ते तुला आठवत असेल. मी पस्तीस-चाळीस बायांच्या मध्ये बसलेली, भंतेजींचं वंदन नुकतंच आटोपलेलं, आणि माय सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, “विशे, रडनं झालं असन तं उद्या शाळेत जाय.” नवऱ्याला माती दिल्याला पुरता आठवडा झाला नव्हता. मी गेले शाळेत. पण त्यानंतर बावीस वर्षांत दारव्ह्याला मुक्काम केला नाही, आणि करणारही नाही. तिचं नाटक आहे की नाही ते तू बघ, प्रेक्षक तूच आहेस.

पायलच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तिने नीट प्रश्न विचारला आहे आणि तुझ्या घरात ते विशेष आहे. शरीरशास्त्राला नावं देणाऱ्या लोकांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. मेंदू उघडला आणि कोणाला त्यात बदाम दिसला, कोणाला समुद्रातला घोडा, कोणाला पूल. जे दिसलं ते लिहून मोकळे झाले. पण या आईच्या बाबतीत झालं ते याहून हास्यास्पद आहे. हे नाव मुळात अरबी वैद्यांचं. मेंदूवर आवरणं असतात, त्यांतल्या जाड आवरणाला ते जाड आई म्हणायचे आणि आतल्या झिरझिरीत आवरणाला पातळ आई. त्यांच्या भाषेत एखादी वस्तू दुसरीला कवेत घेत असेल, सांभाळत असेल, तर ती तिची आई. काही जण म्हणतात, अंगातली बाकीची सगळी आवरणं याच पडद्यांपासून निघतात असं ते मानायचे, म्हणून आई. काहीही असो, ती त्यांची बोलण्याची रीत होती. मग बाराव्या शतकात कोणी एक लॅटिनवाला बसला आणि त्याने शब्दाला शब्द ठेवला. जाड आई, तर कठीण आई. पातळ आईला मात्र त्याने जो शब्द लावला त्याचा अर्थ कोमल असाही होतो आणि धर्मशील असाही. पडदा धर्मशील कसा असेल हे त्या शहाण्याने स्वतःला विचारलं नाही. समोरच्याची बोलायची रीत कळली नाही की माणूस फक्त शब्द उचलतो, आणि हे नऊशे वर्षं सगळ्या जगाने पाठ केलं.

आपल्या कोशकारांनी आई काढून टाकली आणि ‘दृढतानिका’ केलं. रुक्ष आहे, पण निदान खोटं नाही. पायलला सांग, परीक्षेत हे विचारत नाहीत.

विशाखा


दारव्हा
१६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय ताई,
जय भीम.

तुझं पत्र पायलला फोनवर वाचून दाखवलं. तिला आवडलं. मला त्यातलं एवढंच कळलं की तू नऊशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसालाही सोडत नाहीस, मग माझी काय कथा.

मायला तुझ्या दारात सोडायचं असतं तर कधीच सोडलं असतं. पुसदची गाडी आमच्या चौकातून जाते. तिला बावीस वर्षं मी सांभाळतो आहे, माझी बायको सांभाळते आहे. तिच्या शिव्या आम्ही खाल्ल्या, तू फक्त एक वाक्य खाल्लंस आणि त्यावर एवढी वर्षं काढलीस.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी फक्त एक सांगतो. काल संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती आणि रस्त्याने जाणाऱ्या शाळेच्या पोरींना थांबवून विचारत होती, “तुमच्यात माही विशी हाये काय?” पोरी हसून पळाल्या. मी दुकान बंद करून आत गेलो.

धम्मरत्न


पुसद
२ डिसेंबर २०२४

धम्मरत्न,
जय भीम.

तुझ्याकडे आले त्या दिवशी मी तुझ्याशी जेमतेम दोन शब्द बोलले आणि मायला घेऊन निघाले. तुझी बायको दारात उभी राहून बघत होती. तिला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. मी काय पाहिलं ते तुम्हा दोघांना सांगायची आता वेळ आली आहे.

मी आत आले तेव्हा माय खाटेवर होती. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले. एकसष्ट वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला जवळ बसवलं, माझी वेणी सोडली, आणि म्हणाली, “माह्या सोनीचे केस कशे पांढरे झाले वं.” मग तेल मागितलं आणि हळूहळू लावत बसली. तुझी बायको म्हणाली, आजकाल कोणालाही लावते. तसं असेल तर ती इतके दिवस कोणालाही लावू शकत होती आणि तुमच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र तिथे लहान मुलीसारखी रडले. हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. तुला कळणार नाही, तेव्हा लाजायचं कोणासमोर?

तू याला नाटक म्हणालास. म्हणजे बाईने जन्मभर परक्यांच्या शेतात कापूस वेचला, त्या पैशात आपल्याला शिकवलं, आणि म्हातारपणी जरा मऊ बोलली तर तुझ्या हिशेबी ते नाटक. तुमच्या घरी तिला मोकळं बोलायची सोयच नव्हती, दुसरं काय. इथे बघ. सकाळी उठून माझ्याकडे पाहून हसते. दुपारी शांत झोपते, संध्याकाळपर्यंत. आयुष्यात या बाईने दुपारी जमिनीला पाठ लावलेली मी पाहिली नव्हती. तुझ्याकडे तिला विश्रांती नव्हती, हे यावरून दिसतंच. जेवताना हातातला घास सांडतो, म्हणून मीच भरवते. डाव्या पायात चप्पल टिकत नाही, पाय थोडा ओढते, तर मी तिला मऊ मोजे आणले. कधी मधी डोकं धरून बसते. मी चेपून देते. मग म्हणते, “माही माय आहेस तू.” तिच्या तोंडून हे ऐकायला मी काय दिलं नसतं, आणि ते फुकट मिळालं.

तू तिला बावीस वर्षं सांभाळलंस असं म्हणतोस. ठेवलंस. सांभाळायचं कसं ते मी आता करून दाखवते आहे. तिची लुगडी आणि चष्मा पाठवून दे.

विशाखा


दारव्हा
९ डिसेंबर २०२४

आदरणीय ताई,
जय भीम.

लुगडी आणि चष्मा चौकातल्या भारतच्या जीपने पाठवले आहेत. सोबत तिचा अडकित्ता आहे. तो लागत नसेल तर परत पाठव, इथे तिची जागा त्याच्यामुळे तरी दिसत होती.

ठेवलं आणि सांभाळलं यातला फरक तू पंधरा दिवसांत शिकलीस, तुझं कौतुक आहे. महिनाभराने लिही, मग बोलू. माझ्या बायकोने तुझं पत्र वाचलं. स्वयंपाकघरात गेली आणि तिने मायचं ताट घासून वर ठेवून दिलं.

तुझं पत्र पायलने मला पूर्ण वाचायला लावलं. दुपारच्या झोपेचं आलं तेव्हा म्हणाली, परत वाचा. पायाचं आलं तेव्हा विचारलं, कोणता पाय. मी म्हटलं, डावा, तुझ्या आत्याने लिहिलं आहे. मग विचारते, आजी एवढ्यात कुठे पडली होती का, डोक्याला लागलं होतं का. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, कुठे ना कुठे आदळतंच. तिने फोन ठेवला. आजकालच्या पोरांना प्रत्येक गोष्टीत रोग दिसतो.

तरी तू मायला एकदा तिथल्या डॉक्टरला दाखव. मी सांगितलं म्हणून नको, तुला वाटलं तर.

धम्मरत्न


यवतमाळ
१२ डिसेंबर २०२४

आत्या,
जय भीम.

कालपासून तुम्हाला फोन करते आहे. तुम्ही उचलत नाही, बहुतेक पप्पांनी माझ्याकडून करवला असं समजून. म्हणून हे लिहून भारतकाकांच्या हाती देते आहे. ते आजच निघतील आणि तुमच्या ओट्यावर बसून राहतील. आजीला घेतल्याशिवाय परत येऊ नका असं मी त्यांना सांगितलं आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

आजी पडली होती. पप्पांनी तुम्हाला लिहिलं नाही आणि मलाही सांगितलं नाही. ते मला भारतकाकांनी सांगितलं, कारण जीप त्यांचीच होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे दीक्षाभूमीला निघाले होते. जीप गच्च भरलेली, आजी मागच्या पायरीवरून चढताना सटकली आणि तिचं डोकं लोखंडी दांडीवर आपटलं. पप्पा म्हणाले, दवाखान्यात जाऊ. आजी म्हणाली, “चौदा लोकं गाडीत बसले हायेत, माह्यासाठी नागपूर चुकवता काय? काही नाही झालं, चाला.” आणि सगळे गेले. आजीने रात्री डोक्याला हळद लावली, तिचं दीक्षाभूमीचं दर्शन झालं, आणि तो विषय संपला. तिचं ऐकायचं नाही असं आपल्या घरात आजवर कोणी केलेलं नाही, ती चूक सगळ्यांचीच आहे.

तुम्हाला मी शिकवू नये, पण लिहिते. तुम्ही ज्या कठीण आईबद्दल लिहिलं होतं, तिच्या खाली आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या दुसऱ्या पडद्याच्या वर बारीक शिरा असतात. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, शिरा ताणल्या जातात, आणि एवढ्याशा धक्क्याने एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबाने साचतं. आठवडे जातात, काही कळत नाही. मग माणूस झोपाळू होतो, एक हातपाय ढिला पडतो, डोकं दुखतं. आणि स्वभाव बदलतो. आत्या, माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. पण तुमच्या पत्रात हे सगळं ओळीने लिहिलेलं आहे. पप्पांच्या पत्रात पडणं नाही आणि तुमच्या पत्रात त्याचा परिणाम आहे. तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोलत असता तर हे महिन्यापूर्वीच कळलं असतं. मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे, आणि हे मोठ्यांना लिहू नये हे मला कळतं.

हे असंच राहिलं तर आजी एक दिवस झोपेतून उठणार नाही. वेळेवर केलं तर ऑपरेशन मोठं नाही. कवटीला भोक पाडून तो पडदा उघडतात आणि रक्त धुऊन काढतात. बहुतेक माणसं पहिल्यासारखी होतात.

पायल


पुसद
१२ डिसेंबर २०२४, संध्याकाळ

पायल,
जय भीम.

तुझा भारतकाका ओट्यावर बसला आहे. चहाही घेत नाही. मी हे पत्र त्याच्या हाती पाठवणार नाही, तिथे आल्यावर तुझ्या हातात देईन. तुझ्यासमोर हे बोलायचं ठरवलं तर मला जमणार नाही.

तुझा बाप खोटारडा आणि भित्रा आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. दोन महिने माणसाने हे पोटात ठेवलं. का, तर ताई मला बोलेल. बोललेच असते.

आता माझं. मी तीस वर्षं पोरांना मेंदूची आकृती काढायला लावली. पाय ओढणं, घास सांडणं, दिवसा झोपणं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी मोजे आणले. तुझं पत्र वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही, बाई. मला राग आला, की तू ते लिहिलंस. परवा रात्री तिला उठवायला मला बराच वेळ लागला होता. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी मनातल्या मनात दाबलं आणि सकाळी ती हसली तेव्हा बरं वाटलं.

तू लिहितेस, बहुतेक माणसं पहिल्यासारखी होतात. तुझ्या दृष्टीने ती चांगली बातमी आहे. मला विचार, पहिल्यासारखी म्हणजे कशी. मला पहिली माय माहीत आहे. तिच्यापासून मी बावीस वर्षं लांब राहिले. ही जी आत खाटेवर झोपली आहे ती मला सोनी म्हणते, माझ्या केसांतून हात फिरवते. तिला मी तीन आठवडे ओळखते आणि तू म्हणतेस की ते रक्त साचलेलं आहे, धुऊन टाकू. डॉक्टर लोकांना हे सोपं असतं.

मी असा विचार केला आणि कबूल करते की बराच वेळ केला, भारत बाहेर बसलेला असताना. तिला इथेच राहू दिलं तर थोडे दिवस का होईना, ती माझीच राहील. एवढा नीच विचार मी दुसऱ्या कोणाकडून ऐकला असता तर त्याच्या तोंडावर दार लावलं असतं.

आत्ता जाऊन तिला हाक मारली. डोळे उघडले नाहीत. खांदा हलवला तेव्हा पुटपुटली, “नागपूर आलं काय?”

भारतला गादी मागच्या सीटवर टाकायला सांगितलं आहे. आम्ही निघतो.

विशाखा


पुसद
१० जानेवारी २०२५

धम्मरत्न,
जय भीम.

यवतमाळला मायच्या डोक्याचा फोटो निघाला, नागपूरला ऑपरेशन झालं, आणि तेवढे दिवस आपण दोघं एका बाकावर बसून होतो. त्यात तू मला ‘चहा घेतेस का’ विचारलंस आणि मी ‘नको’ म्हटलं. यापलीकडे काही बोलणं झालं नाही. म्हणून लिहिते आहे.

पायल म्हणाली, आतून निघालेलं रक्त जुन्या इंजिन ऑइलसारखं काळं होतं. हे तिने तुला सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस, जणू तुझ्या दुकानात रोज येतं. मला त्या वेळी तुझा फार तिरस्कार वाटला, आणि दुसऱ्या क्षणी तू भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास. ते मी पाहिलं नाही असं समज.

माय शुद्धीवर आली तेव्हा तू औषधं आणायला गेला होतास. मी तिच्याजवळ होते. तिने डोळे उघडले, वरच्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिचा हात धरला होता. तिने तो सोडवून घेतला आणि म्हणाली, “तू येथं कायले बसून राह्यली? शाळेले सुट्टी हाये काय?” मी म्हटलं, माय, मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तर म्हणते, “मंग घरी काम नाही काय?”

नंतर एकदा मी तिला विचारलं की माझ्या डोक्याला तेल लावलं होतंस ते आठवतं का. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही चोरून आणलं आहे. “म्या? तू काय लहान हायस?” नर्सला म्हणाली, माझी पोरगी शिकलेली आहे पण थोडी येडी आहे.

तुम्ही तिला दारव्ह्याला नेलंत ते बरं केलंत. मी नेऊ नका म्हटलं नाही आणि तिनेही पुसदला येते म्हटलं नाही. जीपमध्ये बसताना तिने भारतला पायरी नीट नाही म्हणून झापलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं नाही. ती बरी झाली, पाय नीट टाकते, याचा मला आनंद आहे. तो आहेच. पण घरी आले तेव्हा तिचे मऊ मोजे दोरीवर वाळत होते आणि मला ते काढवेनात. मेलेल्या माणसाचे कपडे वाटून देता येतात. जिवंत माणसाचे काय करायचे, हे मला कोणी सांगितलं नाही.

पायलला मी विचारलं होतं, ते गोड बोलणं मायचं होतं की साचलेल्या रक्ताचं. ती म्हणाली, आत्या, मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनाही नाही. तुझ्या घराण्यात एवढं खरं उत्तर देणारी ती पहिली.

तू मला पडल्याचं लिहिलं नाहीस हे मी विसरणार नाही.

विशाखा


दारव्हा
१८ जानेवारी २०२५

आदरणीय ताई,
जय भीम.

विसरू नकोस. मीही विसरणार नाही. त्या दिवशी जीप दवाखान्याकडे वळवायला हवी होती आणि मी ‘माय म्हणते ना’ असं म्हणून गप्प बसलो. तू बोलशील म्हणून लपवलं हे खरं आहे. तुझी जीभ अशी आहे की माणूस चूक सुधारायच्या आधी ती लपवायला बघतो. पण तुझ्या जिभेपायी मायचा जीव गेला असता, तर दोष माझाच राहिला असता.

आता तुला एक सांगतो. हे सांगू नको असं मला मायने तेव्हा बजावलं होतं. मी तिचं ऐकून फार नुकसान केलं आहे, तेव्हा आता ऐकत नाही.

भाऊजींच्या जलदान विधीला माय सकाळपासून मागच्या अंगणात भाकरी करायला बसली होती. तुझ्या सासरची मंडळी भिंतीपलीकडे बोलत होती. पोरीला आता वर्षभर घराबाहेर काढायचं नाही, दुःखात आहे, तोवर तिच्या जागेवर धाकट्या दिराला लावून घेऊ. तुमच्या संस्थेचा सचिव त्यांच्याच नात्यातला होता, हे तुला आठवत असेल. मायने हे सगळं ऐकलं. भाकरी भाजल्या, हात धुतले, आणि सगळ्या बायांसमोर येऊन ते वाक्य म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण ते तुझ्यासाठी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तुला घरात अडवायला कोणाला तोंड राहू नये, म्हणून होतं. मी म्हटलं, ताईला खरं सांग. तर म्हणाली, “तिले सांगू नोको. तिले तेथंच राह्याचं हाये, सासरच्याइच्यात. माह्यावर राग धरन तं धरू दे.” ती नंतर विहिरीमागे जाऊन बसली होती. मी पाणी घेऊन गेलो तर मला हाकललं.

मला वाटलं, तू एवढी शिकलेली, कधीतरी तुझं तुलाच कळेल. तू त्या लॅटिनवाल्याला मूर्ख ठरवलंस, की समोरच्याची बोलायची रीत त्याला कळली नाही आणि त्याने नुसता शब्द उचलला. तू वेगळं काय केलंस? त्याला निदान अरबी परकी होती.

असो. माय इथे पूर्ववत आहे. कोकिळाबाईंनी तिच्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून पाऊल टाकलं, तर तिने नालीचा विषय काढला. त्या जाताना हसत होत्या, म्हणाल्या, आता बरं वाटलं. मला तिने ‘राजा’ म्हटलेलं नाही. माझ्या शर्टाला ग्रीस लागलं म्हणून ओरडली. ते ऐकून माझी बायको आत जाऊन तिचं ताट खाली काढून आली.

काल संध्याकाळी मला विचारते, “विशी येनार हाये काय?” मी म्हटलं, काहून, बोलावू? “नोको. तिले म्हनाव येऊ नोको. रस्ता खराब हाये. अन् तिले म्हनाव केसायले तेल लावत जाय, काय झिंज्या झाल्या.” आज सकाळपासून तुरीचे सोले सोलत बसली आहे. पायली भरेल एवढ्या शेंगा आहेत. मी दोन दाणे तोंडात टाकले तर हातावर मारलं. “ठेव. तुह्यासाठी नाही ते.”

धम्मरत्न


पुसद
२३ जानेवारी २०२५

धम्मरत्न,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा अक्षर दिसेना, म्हणून ठेवून दिलं. बावीस वर्षं तू हे दाबून ठेवलंस. तुझ्यासारखा दगड शोधून सापडणार नाही. माझ्यासारखाही नाही, हे तू लिहिलं नाहीस, ती जागा मी भरते.

माय येऊ नको म्हणाली, म्हणून रविवारी येते आहे. दोन दिवस राहीन. तेलाची बाटली घेऊन येईन. ती म्हणेल, मी काय लहान आहे, आणि टपली मारेल, आणि मग बसवून केस ओढत लावेल. मला दुखेल. मी हलणार नाही. तुझ्या बायकोला सांग की मोजे आणि अडकित्ता परत आणते आहे, आणि तिच्याशी मला बोलायचं आहे.

सोल्यांना हात लावू नकोस.

तुझा नंबर आज सकाळी सुरू केला आहे. फोन करू नकोस.

तुझी
ताई